छतावर सौर पॅनेल बसवण्याआधी करायचा हिशेब

उरला, बिरगाव परिसरात ‘वीजबिल शून्य’ असे सांगत सौर पॅनेलचे विक्रेते दारावर येऊ लागले आहेत. त्यांचे म्हणणे काही घरांना लागू पडते, काहींना नाही. आपले घर कोणत्या बाजूला बसते हे माहितीपत्रकावरून कळत नाही. ते आपल्याच गेल्या बारा महिन्यांच्या बिलांवरून कळते. ती बिले समोर घेऊनच पुढचे वाचा.

अनुदान किती मिळते?

केंद्र सरकारची ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना’ फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. छत्तीसगड सरकारने २०२५ मध्ये यात भर घालण्याचे ठरवले : १ किलोवॅटला १५,००० आणि २ किंवा अधिक किलोवॅटला ३०,००० रुपये. म्हणजे ३ किलोवॅटच्या घराला दोन्ही मिळून १,०८,००० रुपये मिळू शकतात. अर्ज करताना दोन्ही अनुदाने चालू आहेत याची वीज कंपनीच्या कार्यालयात खात्री करून घ्या.

१ किलोवॅटच्या पॅनेलला साधारण १०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि त्यातून महिन्याला सरासरी १०० ते १२० युनिट वीज मिळते. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त.

दोन घरे, दोन हिशेब

पहिल्या घराचा वापर महिन्याला ३०० युनिट. समजा, ३ किलोवॅटसाठी विक्रेत्याने १,८०,००० रुपये सांगितले. अनुदान वजा जाता खर्च ७२,००० रुपये. युनिटमागे सरासरी ५ रुपये धरले तर महिन्याला १,५०० आणि वर्षाला १८,००० रुपये वाचतात. धुलाई व देखभालीला वर्षाचे ३,००० बाजूला काढले तरी पाच वर्षांच्या आत पैसे वसूल होतात. पॅनेलच्या वीजनिर्मितीची हमी सहसा २५ वर्षांची असते. मात्र इन्व्हर्टर त्याआधी एकदा तरी बदलावा लागेल, असे धरून चाला.

दुसऱ्या घराचा वापर १५० युनिट. राज्याच्या ‘हाफ बिजली बिल’ योजनेत १ डिसेंबर २०२५ पासून २०० युनिटपर्यंत वापर असणाऱ्यांना निम्मे बिल येते. म्हणून या घराला युनिट जेमतेम २ रुपयांच्या आसपास पडते. १ किलोवॅटचे पॅनेल ७०,००० रुपयांना बसले आणि ४५,००० अनुदान मिळाले, तर घरचे २५,००० जातात. महिन्याला ११० युनिट म्हणजे बचत फक्त २२० रुपये, वर्षाला २,६४०. देखभाल धरली नाही तरी वसुलीला नऊ वर्षांहून अधिक काळ लागतो. या घराने घाई करू नये. सवलतीचे नियम बदलले किंवा घरात एसी आला, तर हिशेब पुन्हा मांडावा. ही सवलत आधी ४०० युनिटपर्यंत होती, ऑगस्ट २०२५ मध्ये १०० वर आली आणि नंतर २०० झाली. म्हणजे ती कायमची धरता येत नाही.

उरल्याची धूळ खर्चात धरा

उरला आणि सिलतरा येथील स्पंज आयर्न व रोलिंग मिलची काळी धूळ गच्चीवर कशी साचते, हे तुम्हाला सांगायला नको. तीच पॅनेलवर बसते आणि ऊन अडवते. वीज पाचव्या हिश्शाने घटली असे समजा. पहिल्या घराची बचत वर्षाला ३,६०० रुपयांनी कमी होते आणि वसुली पाच वर्षांऐवजी सव्वासहा वर्षांवर जाते. म्हणून गच्चीवर नळ आणि पॅनेलपर्यंत हात पोचेल अशी वाट आधीच ठेवा. धुलाई सकाळी किंवा संध्याकाळी, साध्या पाण्याने व मऊ कापडाने करा. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका.

पैसे कोठून आणायचे?

अनुदान पॅनेल सुरू झाल्यानंतर तुमच्या खात्यात येते. विक्रेत्याला मात्र आधी द्यावे लागतात. यासाठी आजारपणाची किंवा शाळेच्या फीची ठेव मोडू नका. ३ किलोवॅटपर्यंतच्या पॅनेलसाठी बँका तारणाशिवाय कर्ज देतात आणि त्याचा व्याजदर नेहमीच्या वैयक्तिक कर्जापेक्षा कमी असतो. अनुदान आल्यावर ते कर्जात भरा. उरलेल्या ७२,००० रुपयांवर ७ टक्के व्याज धरले तर पाच वर्षांसाठी हप्ता सुमारे १,४२५ रुपये पडतो. म्हणजे वाचलेले बिल जवळजवळ हप्त्यातच जाते, आणि धुळीने वीज घटली तर खिशातून भर घालावी लागते. खरा फायदा कर्ज फिटल्यावर सुरू होतो.

सही करण्यापूर्वी

• वीजबिल आणि बँक खाते एकाच नावावर आहे का? बिल वडिलांच्या नावावर असेल तर नाव आधी बदलून घ्या.
• घर भाड्याचे असेल तर छताचा हक्क तुमचा नाही. मालकाशिवाय पुढे जाऊ नका.
• पॅनेल भारतीय बनावटीचे हवे, नाहीतर केंद्राचे अनुदान मिळत नाही. योजनेत नोंदणी असलेलाच विक्रेता निवडा.
• पाच वर्षांची देखभाल लेखी घ्या.
• बॅटरी नसेल तर वीज गेल्यावर पॅनेलही बंद पडते. स्थिर आकार तर दर महिन्याला भरावाच लागतो. ‘शून्य बिल’ अगदी शून्य नसते.
• अर्ज योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवरच करा. अनुदान मिळवून देतो म्हणून कोणी ओटीपी किंवा आगाऊ पैसे मागितले तर देऊ नका.

बिलावरचे ‘एकूण युनिट’ बारा महिन्यांचे मिळवा, बाराने भागा. महिन्याची सरासरी २०० च्या बरीच वर असेल तर दोन-तीन विक्रेत्यांकडून लेखी दर मागवा. खाली असेल तर ती रक्कम सध्या ठेवीतच राहू द्या.