गरिबांच्या हातीं रोख पैसा

गतवर्षीं वर्गांत दानधर्माविषयीं बोलणें निघालें असतां मीं विद्यार्थ्यांस एक प्रश्न केला: "एखाद्या निर्धन कुटुंबास साह्य करावयाचें झाल्यास धान्य द्यावें, वस्त्रें द्यावीं, कीं रोख पैसे द्यावे?" बहुतेकांनीं धान्याच्या बाजूनें मत दिलें. एकजण उठून म्हणाला, "सर, पैसे दिले तर ते दारूंत जातील." थोरामोठ्यांच्या तोंडींहि हेंच उत्तर नेहमीं ऐकूं येतें. परंतु तें खरें आहे काय, याचा कोणी गांवोगांव फिरून शोध घेतला आहे काय? होय, असा एक शोध आफ्रिका खंडांतील केनिया देशांत घेण्यांत आला आहे.

केनियाच्या पश्चिम भागांत, व्हिक्टोरिया सरोवराच्या कांठीं, सियाया नांवाचा जिल्हा आहे. तेथील पुष्कळ कुटुंबें मक्याच्या लहानशा शेतीवर व मासेमारीवर गुजराण करितात. अमेरिकेंतील हार्वर्ड व एम. आय. टी. येथें उच्च शिक्षण घेणाऱ्या कांहीं तरुणांनीं 'गिव्हडायरेक्टली', म्हणजे 'थेट द्या', या नांवाची संस्था काढून केनियांत कार्य आरंभिलें. त्यांची रीत साधी होती. ज्या घराचें छप्पर गवताचें, तें कुटुंब दरिद्री समजावें व त्यास रोख रक्कम द्यावी. ती परत मागूं नये, आणि ती कशी खर्चावी हेंहि सांगूं नये. केनियांत २००७ सालापासून मोबाइल फोनवरून पैसे पाठविण्याची 'एम-पेसा' नांवाची सोय आहे. त्यांतील 'पेसा' हा स्वाहिली शब्द ऐकतांच आपल्याला 'पैसा' आठवतो. फोनवर जमा झालेली रक्कम जवळच्या दुकानदाराकडून रोख करून घेतां येते. त्यामुळें वाटेंत हात मारण्यास मध्यस्थास फारसा वाव राहत नाहीं.

आतां, एखादें कुटुंब सुधारलें तर तें या पैशानें सुधारलें, कीं त्या वर्षीं पाऊस बरा झाला म्हणून, हें कसें ओळखावें? यासाठीं सियायांतीलच रारिएडा भागांत २०११ सालीं एक युक्ति योजिली. जणूं चिठ्ठ्या टाकून कांहीं गरीब कुटुंबें निवडलीं व त्यांस पैसे दिले. आणि तशाच स्थितींतील, परंतु पैसे न मिळालेल्या, कुटुंबांशीं त्यांची तुलना केली. पाऊस दोघांवर सारखाच पडला; अंतर राहिलें तें पैशाचेंच. खरेदीशक्तीच्या हिशेबानें कोणास सुमारे ४०० डॉलर मिळाले, कोणास सुमारे १५००. कोणास ते एकदम मिळाले, कोणास महिन्यामहिन्यानें.

या तपासाचे निष्कर्ष २०१६ सालीं प्रसिद्ध झाले. पैसे मिळालेल्या कुटुंबांचें अन्न सुधारलें, गुरेंढोरें वाढलीं, उत्पन्नहि वाढलें. दारू व तंबाखू यांवरील खर्च मात्र वाढला नाहीं. ज्यांस रक्कम दरमहा मिळाली, त्यांच्या पोटाची चिंता अधिक कमी झाली. ज्यांस ती एकदम मिळाली, त्यांनीं टिकाऊ वस्तु अधिक घेतल्या. पुष्कळांनीं घरावर लोखंडी पत्रे घातले. ही चैन नव्हे. गवताचें छप्पर गळतें, कुजतें व पुनःपुन्हां शाकारावें लागतें. पत्रा वर्षानुवर्षें टिकतो व तो खर्च वांचवितो. हिशेब गरिबालाहि कळतो. त्याच्याजवळ नसते ती एकदम द्यावयाची रक्कम.

पैसे वांटल्यानें महागाई होईल, अशीहि शंका होती. म्हणून सियायांतच ६५३ गांवांचा दुसरा मोठा तपास झाला. दहा हजारांहून अधिक कुटुंबांस प्रत्येकीं सुमारे १,००० डॉलर देण्यांत आले. भाव अगदीं नांवालाच वाढले. उलट तो पैसा गांवच्या दुकानांत व बाजारांत फिरला आणि ज्यांस कांहीं मिळालें नव्हतें त्या शेजाऱ्यांचाहि लाभ झाला.

तथापि रोख पैसा म्हणजे सर्व रोगांवर एकच औषध नव्हे. त्यानें शाळा बांधली जात नाहीं, कीं दवाखान्यांत वैद्य येत नाहीं. रारिएडांत शेजाऱ्यास मिळालें व आपणांस नाहीं, हें पाहून कांहींच्या मनाचें समाधान कमी झाल्याचेंहि आढळलें. तेव्हां देणाऱ्यानें विचार सोडूं नये. सोडावयाचा तो अविश्वास.

कांहीं वर्षांपूर्वीं मीं एका विधवा शेजारणीस नवी घोंगडी नेऊन दिली. आठ दिवसांनीं तिनें ती विकल्याचें कळलें, तेव्हां मला राग आला व तो मीं लपविला नाहीं. पुढें समजलें कीं, त्या पैशांतून तिनें आजारी मुलाचें औषध आणलें होतें. घोंगडी उत्तम होती. मात्र बाईंना काय हवें आहे, हें मीं विचारलेंच नव्हतें. विद्यार्थिमित्रहो, दान देतांना हात पुढें करण्यापूर्वीं तो एक प्रश्न अवश्य विचारा.