नांदत्या गढीचा दिवस

पहाटे ५.३०
जानेवारीतली थंडी. चहा ठेवता ठेवता पहिला फोन आप्पांना. बारामती-इंदापूर भागातली जुनी ठिकाणं लोकांना दाखवणं हा माझा व्यवसाय, आणि त्यातलं सर्वात नाजूक काम म्हणजे एखाद्याच्या राहत्या घरात पाहुणे नेणं. आप्पांची गढी इंदापूर तालुक्यात आहे. घर खासगी असल्यानं गावाचं नाव लिहीत नाही.
"आप्पा, दहा-बारा जण आहेत. दोघांना उपास आहे."
"येऊ द्या की. काकीला सांगतो. पण उत्तरेच्या बुरुजावर कुणाला चढवू नका, तिथली माती सुटलीय."
हे आधी कळलेलं बरं. वहीत टिपून घेतो.

सकाळी ७.००
सुरुवात बारामतीतूनच, कऱ्हेकाठच्या बाबूजी नाईकांच्या वाड्यापासून. बाबूजी नाईक जोशी हे पेशवाईतले बडे सावकार. खुद्द पेशवे त्यांचे कर्जदार होते, आणि बाळाजी विश्वनाथांची मुलगी भिऊबाई याच घरात दिलेली. १७४० मध्ये बाजीराव गेल्यावर पेशवेपदासाठी बाबूजींचं नाव पुढे आलं होतं. रघुजी भोसल्यांचा त्यांना पाठिंबा होता, पण शाहू महाराजांनी वस्त्रं दिली ती नानासाहेबांना. कवी मोरोपंत याच नाईकांच्या आश्रयानं बारामतीत राहिले आणि १७९४ मध्ये इथेच वारले. पुढे या वाड्यात वर्षानुवर्षे सरकारी कचेऱ्या होत्या.
पाहुण्यांना मी इथे एवढंच सांगतो, की सरकारकडे आलेल्या वास्तूला निधी मिळू शकतो. आता जिथे जाणार आहोत, तिथला निधी म्हणजे घरातल्या माणसांचा खिसा.

सकाळी १०.००
गढीची दिंडी उघडी आहे. मोठा दरवाजा बंद, त्यातल्या या छोट्या दारातून वाकूनच आत जावं लागतं. शत्रू आलाच तर एकेकटा आणि मान खाली घालून यावा, ही त्यामागची युक्ती. तट खाली घडीव दगडाचा, वर पांढऱ्या मातीचा. आत चौक, तुळशीवृंदावन, तिन्ही बाजूंनी सोपे, भिंतीत देवळ्या, धान्याचं बळद.
नियम आधीच सांगतो. देवघर आणि स्वयंपाकघराचे फोटो काढायचे नाहीत. बंद खोली उघडायची नाही. लाकडी खांबाला टेकायचं नाही. कुणी नाराज होत नाही. घर कुणाचं आहे हे एकदा नीट सांगितलं, की माणसं आपोआप हळू बोलू लागतात.

सकाळी ११.३०
आज गवंडी आलेत. दक्षिणेच्या भिंतीवर पूर्वी कुणीतरी सिमेंटचा गिलावा मारला होता. तो छिन्नीनं हलक्या हातानं काढताहेत. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आतच अडवतं. मग आतली माती आणि विटा भुसभुशीत होतात, बाहेरून मात्र भिंत धडधाकट दिसते. एक पापुद्रा निघाला तेव्हा मागची वीट बोटानं चुरली. सगळे जवळ येऊन पाहत होते.
शेजारी हौदात चुना विरवत ठेवलाय. त्यात वाळू, विटकरीची भुकटी, भिजवलेल्या हिरड्याचं पाणी आणि गूळ. गवंड्यांनी थापीवर थोडा मसाला घेऊन थापी उलटी धरली. मसाला चिकटून राहिला. "आता झाला," म्हणाले.
दुसरं काम पिंपळाचं. फटीतलं वीतभर रोप नुसतं उपटलं तर मूळ आत राहतं आणि पुन्हा फुटतं. म्हणून भोवतालचा सांधा मोकळा करायचा, मूळ शेवटपर्यंत काढायचं आणि लगेच चुन्यानं भरायचं. हे दर पावसाळ्यानंतर करावं लागतं. दोन-तीन वर्षं हयगय झाली, तर तोच पिंपळ बुरुज फोडतो.

दुपारी १.००
आधी हुरडा, मग पिठलं-भाकरी, ठेचा, ताक. उपासवाल्यांना भगर आणि शेंगदाण्याची आमटी. या जेवणाचे पैसे पाहुणे आनंदानं देतात आणि त्यातूनच गवंड्यांची मजुरी निघते. काकी पंक्तीत फिरून आग्रह करतात, हिशेब मात्र चोख ठेवतात.

दुपारी ३.००
मागची बाग. चिरेबंदी विहीर, मोटेचं थारोळं, तिथून निघालेला दगडी पाट. कडेला सोनचाफा, पारिजातक, लिंबू, डाळिंब. मधल्या वाफ्यांत मेथी, वांगी, लसूण. मोट गेली, ठिबक आलं, पण वाफ्यांची जुनी आखणी आप्पांनी मोडली नाही. हा मुळात कोरडवाहू मुलूख. नीरा डाव्या कालव्याच्या आवर्तनाची वाट अजूनही पाहिली जाते. ते लांबलं की विहिरीची पातळी उतरते आणि बाग सुकायला लागते.
इथे मी फ्रान्समधल्या व्हिलांद्रीची गोष्ट सांगतो. तिथला मध्ययुगीन बुरूज राखून सोळाव्या शतकात नवा वाडा बांधला गेला. १९०६ मध्ये होआकिम कार्वालो या डॉक्टरांनी तो विकत घेतला आणि बाग नव्यानं उभी केली. तिथल्या नऊ चौकोनांत शोभेसाठी चक्क भाज्या लावतात, वर्षातून दोनदा. वाडा अजून त्याच घराण्याकडे आहे आणि लोकांसाठी खुला आहे. कार्वालोंनी १९२४ मध्ये अशा वाडेमालकांची संघटनाही काढली. खासगी ऐतिहासिक वास्तू लोकांना पाहू दिली, तर दुरुस्तीच्या खर्चावर तिकडे करात सवलत मिळते.
आप्पा लक्ष देऊन ऐकतात. म्हणतात, "सवलतीचं नंतर बघू. आधी वारसांच्या सह्या."
खरी अडचण तीच. उताऱ्यावर नावं वाढत जातात. कुणी पुण्यात, कुणी परदेशात. एका बुरुजाच्या दुरुस्तीला सगळ्यांची संमती लागते. तालुक्यातल्या गढ्या पावसानं पडतात त्याआधी भावकीच्या अबोल्यानं खचलेल्या असतात.

सायंकाळी ५.००
परतताना इंदापूर. इथली गढी मालोजीराजे भोसल्यांची, शिवरायांच्या आजोबांची. पुणे आणि सुप्याची जहागीर त्यांच्याकडे होती. सकाळपासून दगड, माती, चुना हाताळलेली माणसं इथे तटाकडे वेगळ्या नजरेनं पाहतात. लढायांबद्दल विचारतातच, पण आता गिलावा कशाचा, पाणी कुठून जातं, हेही विचारतात. माझ्या कामाची मजुरी मला तिथेच मिळते.

रात्री ८.३०
हिशेब. माझं मानधन आणि गाडीभाडं वजा करून उरलेले पैसे आप्पांना पाठवले. पुढच्या आठवड्यात चुना येईल. मग पाहुण्यांनी काढलेले फोटो भिंतीप्रमाणे लावून घेतो. पुढच्या वर्षी भेग वाढली का, हे त्यावरूनच कळेल.
तुमच्याही गावात अशी गढी असेल. मालकाला आधी फोन करा, पैसे देऊन जेवा, आणि वारसांपैकी कुणी ओळखीचं निघालं तर त्याला सहीसाठी गावी घेऊन या. गढी नांदती राहते ती अशा साध्या कामांवर, आणि ही कामं आपल्या हातातली आहेत.