खंडेनवमी आणि रथचक्र

आश्विन शुद्ध नवमी ही खंडेनवमी. या दिवशी शस्त्रांची पूजा करावी, असा आपल्या परंपरेचा दंडक आहे. पुढे तलवारी घरांतून गेल्या आणि ज्याच्या त्याच्या उपजीविकेचे साधन हेच त्याचे आयुध ठरले. शेतकऱ्याने नांगर पुजला, सुताराने वाकस पुजला, कारकुनाने लेखणी पुजली. मग ट्रकवाल्याने ट्रक पुजावा यात वावगे काहीच नाही. आज कोणत्याही गावी जावे तो सकाळपासून वाहने धुतली जात असतात. नाकावर झेंडूची माळ, आरशांना आंब्याचे डहाळे, काचेवर कुंकवाचे स्वस्तिक, चाकांखाली लिंबे. हे सारे आम्हांस मनापासून प्रिय आहे. परंतु एक प्रश्न पडतो. आपण फूल वाहतो ते वाहनाच्या मुखावर. आणि ज्याच्यावर आपल्या माणसांचे प्राण अवलंबून असतात ते चाकाच्या पोटात, काळोखात, कोणाच्याही दृष्टीस न पडता असते. त्याची पूजा कोणी व कशी करावयाची?

आपल्या घरी सोमवारी रुद्राचे आवर्तन होत असेल तर ध्यानात आणून द्यावेसे वाटते की, त्या नमनांच्या मालिकेत सुतार आणि रथकार यांनाही वंदन आहे. ऋभूंची कथा तर याहून मोठी. हे सुधन्व्याचे पुत्र. त्यांनी अश्विनीकुमारांसाठी रथ घडविला आणि हातांतील कौशल्याच्या बळावर देवत्व मिळविले. मीमांसाशास्त्रात जैमिनींनी रथकाराच्या अधिकाराचा स्वतंत्र विचार केला असून, वर्षा ऋतूत अग्न्याधान करण्याचा अधिकार त्यास दिला आहे. चाक बसविणाऱ्या माणसाची एवढी बूज शास्त्राने राखली. मग आज तेलकट कपड्यांनी ट्रकखाली निजलेल्या मिस्त्रीस आपण ओसरीवर बसवून पाणी विचारतो की नाही, हे ज्याचे त्याने पाहावे.

कठोपनिषदातील रथाचे रूपक आम्ही कीर्तनांतून शेकडो वेळा मांडले आहे. शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन हा लगाम. श्रोत्यांच्या कदाचित ध्यानात येत नाही की, त्या रथाच्या चाकास आवरण्याचा विचार त्यात कोठेच नाही. त्याची गरजच नव्हती. घोडे आवरले की रथ आवरला. बैलगाडीचेही तेच. यंत्राचे घोडे मात्र असे आवरत नाहीत. इंजिन बंद केले तरी उतारावरचे ओझे धावतच राहते. म्हणून माणसाने लगाम घोड्याच्या तोंडातून काढला आणि चाकाच्या नाभीशी नेऊन बसविला. त्यालाच आपण ब्रेक म्हणतो.

हे सांगण्याचे निमित्त आमच्या दिंडीचा ट्रक. जुना, लांब नाकाचा, सहा चाकांचा टाटा. १९५४ साली जर्मन कंपनीशी करार होऊन जमशेदपुरास असे ट्रक बनू लागले. तो करार १९६९ साली संपला, पण त्या घडणीची पिढी पुढे अनेक वर्षे रस्त्यांवर राहिली. आमचा ट्रक त्याच कुळातला. तंबू, भांडी, धान्य, पाण्याची पिंपे आणि ज्यांचे पाय चालत नाहीत अशा वृद्ध माउलींच्या वळकट्या तो वर्षानुवर्षे वाहतो. त्याच्या पाठीमागे विठ्ठल-रखुमाईचे चित्र दर दोन वर्षांनी नवे काढले जाते. चाकांसाठी पैसे मागितले की मात्र मंडळींत चर्चा लांबते. यंदा आषाढीहून सामान पोचवून परतताना ब्रेक दाबताच ट्रक डावीकडे ओढू लागला. चालक जुना आणि जाणता, म्हणून निभावले. काहींचे मत पडले की ट्रक विकून भाड्याचा घ्यावा. काही म्हणाले, थोडे तेल घालू आणि कार्तिकी उरकू. दुसरे मत ऐकून आमच्या अंगावर काटा आला.

कारण दिवेघाट आम्ही विसरलेलो नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये संत नामदेवांची पालखी पंढरपुराहून आळंदीस निघाली असता, घाट उतरत असलेल्या दिंडीत पाठीमागून एक जेसीबी शिरला. त्याचे ब्रेक निकामी झाले होते, असे सांगण्यात आले. नामदेवरायांच्या वंशातील एका महाराजांसह दोघांचा अंत झाला, अनेक जण जखमी झाले. पुढे टाळ चालू असतात, मुखी नाम असते. पाठीमागून काय येत आहे हे कळण्याचा वारकऱ्यास मार्गच नसतो. त्याचा सारा भरवसा परक्याच्या चाकांवर.

म्हणून चाके उघडावयाची ठरली. मिस्त्रींनी आम्हांस बोलावून घेतले. म्हणाले, “महाराज, माळ घालायची ती घाला, पण आधी हे बघा.” ट्रक ठोकळ्यांवर उचललेला, चाके व ड्रम काढलेले. डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे असतात, हे माहीत नसलेल्या कोणीतरी पूर्वी जोर लावून दोन बोल्ट बिघडविले होते. एका ड्रमच्या आतील अंगावर निळसर डाग आणि केसाएवढ्या भेगा होत्या. तो अति तापल्याची ही खूण. दुसऱ्यावर खोल चरे पडले होते, कारण लायनर झिजून रिबिटींची डोकी लोखंडावर घासत होती. आणि उजव्या पुढच्या चाकात बेअरिंगचे वंगण फाटक्या सीलमधून लायनरवर आले होते. उजवे चाक घसरे, डावे धरी, म्हणून ट्रक डावीकडे ओढे. इतके साधे कारण!

तापण्याचे प्रमाण वाचकांस कळावे म्हणून एक हिशेब देतो. दहा टनांचा भार घेऊन ट्रक शंभर मीटर उंची उतरला आणि सारा वेग ब्रेकनेच आवरला, तर जी उष्णता होते तिने सुमारे तीस लिटर साधे पाणी उकळीस येईल. एवढा अग्नी चार ड्रमांत मावतो. ड्रम तापला की फुगतो, लायनरपासून दूर जातो. लायनरची पकडही मंदावते. तेवढ्यात तेल जुने असेल तर आणखी घात. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषून घेते, ओलसर तेल लवकर उकळते, नळीत वाफ होते. आणि वाफ दाबली जाते, तेल दाबले जात नाही. पाय खाली जातो, ट्रक पुढे जातो. डिझेल वाचवावे म्हणून घाटात गिअर सोडून उतरणारे चालक हे सारे ओझे एकट्या ब्रेकवर टाकतात. यासारखा अविचार दुसरा नाही.

काम आठ दिवस चालले. भेगाळलेला ड्रम सरळ भंगारात गेला. चरे पडलेला लेथवर कातून घेतला, पण कंपनीने ठरविलेल्या मापापलीकडे कातावयाचा नाही, हे मिस्त्रींनी आधीच बजावले होते. पातळ ड्रम अधिक तापतो. एका आसावरच्या दोन्ही बाजूंचे लायनर एकदमच बदलले, एकच बदलले असते तर ओढ कायम राहिली असती. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असे, आणि त्याची धूळ फुप्फुसांस घातक. मदतनीस पोर सवयीने फुंकर मारू लागले तेव्हा मिस्त्रींनी त्याचा हात धरला व ओल्या फडक्याने पुसावयास लावले. सिलिंडरांतील रबरे नवी घातली. त्यांस पेट्रोल वा इंजिनचे तेल लागता कामा नये, ती फुगतात. मग सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करून नळ्यांतील हवा काढली. एक जण आत पाय दाबून धरी, दुसरा खाली नट सैल करून बाटलीत बुडबुडे पाही. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालले. त्या दोघांची हाकाटी ऐकताना आम्हांस टाळकरी आणि मृदंगी यांची आठवण झाली.

बेअरिंगे रॉकेलने धुऊन, तळहातावर वंगण घेऊन एकेक रूळ भरला. आपल्याकडे कैकेयीने आस मोडलेल्या रथास हात दिल्याची कथा कीर्तनात रंगते. तिची गोडी न्यारीच; परंतु दशरथाच्या सारथ्याने निघण्यापूर्वी आस पाहिला असता तर रामायण कोठे गेले असते, असा खट्याळ प्रश्न एका शाळकरी मुलाने आम्हांस विचारला होता. उत्तर आम्ही अद्याप शोधत आहोत.

चाकांविषयी थोडेसेच. ९.००-२० मापाच्या जुन्या चाकांना लोखंडी कड्या असतात. कडी नीट न बसता हवा भरली तर ती तोफेच्या गोळ्यासारखी उडते. पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरावी व पोरांस लांब ठेवावे. नटांच्या भोकांभोवती तडा दिसल्यास चाक टाकून द्यावे, वेल्डिंगच्या भरीस पडू नये. रिमोल्ड टायर पुढे घालू नयेत. दिवाळीच्या सुटीत आपली माणसे ज्या वाहनाने देवदर्शनास निघतील त्याविषयी घरच्या वडीलधाऱ्यांनी एवढे विचारण्यास संकोच करू नये.

आणखी एक गोष्ट मुक्कामाची. दुपारच्या उन्हात वारकरी ट्रकच्या सावलीत, पुष्कळदा थेट चाकांपुढे निजतात. हातब्रेकवर विसंबून चालक जेवावयास जातो. आमच्या सुतारांनी यंदा बाभळीचे चार पाचरी ठोकळे करून दिले असून ते दोरीने ट्रकलाच बांधले आहेत. ट्रक थांबला की ते चाकांखाली जातील; त्याशिवाय कोणी सावलीस बसावयाचे नाही, असे दिंडीत ठरले आहे. हवेच्या टाकीत साठलेले पाणी रोज सकाळी सोडण्याचे कामही एका तरुणाकडे नेमून दिले आहे.

आज ट्रकची पूजा होईल. मिस्त्रींस नारळ व उपरणे देण्याचे मंडळींनी मान्य केले, आणि बऱ्याच चर्चेनंतर उरलेले बिलही. कार्तिकी झाली की ट्रक आळंदीच्या वाटेस लागेल. पहिल्या पन्नास किलोमीटरवर थांबून सहाही चाकांचे नट पुन्हा आवळावयाचे आहेत. त्यासाठी पाना आणि त्याची लांब नळी मृदंगाच्या पेटीशेजारी बांधून ठेवली आहे.