हिरवळींतील विषाचें पुढें काय होतें ?

अमेरिकेंत घरापुढील अंगणांत व गोल्फच्या मैदानांवर मखमलीसारखी हिरवळ राखण्याची मोठी हौस आहे. तिचा एक वैरी म्हणजे जपानी भुंगेरा. इ. स. १९१६ मध्यें तो तेथें न्यू जर्सी संस्थानांत प्रथम आढळला. आपले शेतकरी जिला हुमणी म्हणतात, त्याच कुळांतील त्याच्या अळ्या मातींत राहून गवताचीं मुळें खातात. त्यांच्या नाशार्थ घातलेल्या विषाचें पुढें काय होतें, तें पाहूं.

प्रथम शिशाचें आर्सेनेट वापरीत. परंतु आर्सेनिक हें मूलद्रव्य. त्याचें विघटन होतच नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर क्लोर्डेन आलें. तें मातींत वीस वर्षांहूनहि अधिक काळ टिकूं शकतें. म्हणून १९८८ मध्यें त्या देशांत त्याची विक्री थांबली.

डायझिनॉनसारखीं स्फुरदयुक्त द्रव्यें मात्र लवकर नष्ट होतात. मातींत त्यांचा निम्मा अंश बहुधा दोन ते चार आठवड्यांत नाहींसा होतो. हें कार्य तिघे करितात. पात्यांवरील कांहीं अंश सूर्यप्रकाश नष्ट करितो; पाण्याच्या योगानें, विशेषतः आम्ल मातींत, त्याचे रेणु फुटतात; आणि मोठा वांटा सूक्ष्म जंतु उचलतात.

हिरवळींत आणखी एक विशेष असतो. गवताच्या बुडाशीं मेलेल्या काड्यामुळ्यांचा स्पंजासारखा थर सांचतो. तो विषाला धरून ठेवतो. त्यामुळें तें खालच्या पाण्यांत सहसा उतरत नाहीं, हा लाभ. पण अळीपर्यंतहि पोंचत नाहीं, ही हानि. शिवाय या थरांत जंतूंची वस्ती दाट असते. तेंच औषध वारंवार घातलें असतां त्यावर निर्वाह करणाऱ्या जंतूंची संख्या वाढते, व तें अळी मरण्यापूर्वींच संपतें. आयसोफेन्फॉस या औषधाची अशीच गत झाली.

मग लवकर विघटित होणारें विष निर्धोक समजावें काय ? तसें नव्हे. डायझिनॉन अल्पायुषी खरें. परंतु नुकतेंच फवारलेलें गवत चरून हंसजातीचे पक्षी थव्यांनीं मेले, आणि १९९० पर्यंत गोल्फच्या मैदानांवर त्याचा वापर बंद करावा लागला.

सारांश, विष किती दिवस टिकतें एवढेंच पाहून भागत नाहीं. तें टिकतें तोंवर कोणाच्या मुखीं जातें, हेंहि पाहिलें पाहिजे. मातींतील अदृश्य सेवक आपलें काम निमूटपणें करितात. त्यांच्यावर किती भार घालावा, याचा विवेक मात्र मनुष्यानेंच केला पाहिजे.