जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम

मनोविकारांवरील उपचार मोठ्या मनोरुग्णालयांपुरते मर्यादित न ठेवता ते जिल्हा रुग्णालय व प्राथमिक आरोग्य केंद्रे यांच्यामार्फत जनतेपर्यंत पोहोचविण्याची भारतातील शासकीय योजना. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाची (१९८२) प्रत्यक्ष कार्यवाही प्रामुख्याने या योजनेद्वारे होते.

भोर समितीने (१९४६) हजारी २ रुग्ण असा बेताचा हिशेब धरूनही देशात सु. ८ लाख रुग्णांची सोय लागेल, असे म्हटले होते. त्या वेळी मनोरुग्णालयांतील खाटा १०,००० हून थोड्याच अधिक होत्या. ही तूट नवी रुग्णालये बांधून भरून काढणे गरीब देशाला शक्य नव्हते. शिवाय दूरच्या मनोरुग्णालयात ठेवलेल्या रुग्णाचा घराशी संबंध तुटे व बरा झाल्यावरही तो पुष्कळदा तेथेच राही. येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांनाही हा प्रश्न चुकलेला नाही.

पर्यायाचा शोध १९७५ च्या सुमारास दोन ठिकाणी सुरू झाला : बंगलोरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने सकलवारा येथे, तर चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेने हरियाणातील रायपूर रानी येथे ग्रामीण उपचारसेवा उभी केली. अल्प प्रशिक्षण मिळालेला आरोग्यसेवक छिन्नमनस्कता, तीव्र अवसाद व अपस्मार यांचे रुग्ण ओळखू शकतो आणि सामान्य वैद्य मोजक्या औषधांनी त्यांवर उपचार करू शकतो, असे तेथे आढळले. यानंतर कर्नाटकातील बेल्लारी (बळ्ळारी) या सु. १५ लाख वस्तीच्या जिल्ह्यात ही पद्धती अजमाविण्यात आली. क्लोरप्रोमाझीन, ॲमिट्रिप्टिलीन, फेनोबार्बिटोन यांसारखी स्वस्त औषधे केंद्रांत ठेवली गेली. रुग्णांच्या साध्या नोंदी ठेवल्या गेल्या. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या मासिक बैठकीत हिवताप, कुटुंबनियोजन इ. कामांबरोबर याही कामाचा आढावा घेतला जाई. प्रशिक्षणाइतकेच महत्त्व या आढाव्याला होते. मनोविकारात औषध सुरू करण्यापेक्षा ते चालू ठेवणे कठीण असते आणि उपचार सोडलेल्या रुग्णाच्या घरी जाणारा सेवक नसेल, तर बाह्यरुग्ण विभाग उघडूनही फारसे साधत नाही.

१९९६ मध्ये बेल्लारीच्या नमुन्यावर ४ जिल्ह्यांत केंद्रशासित अर्थसाहाय्याने योजना सुरू झाली. पुढे ती ७०० हून अधिक जिल्ह्यांसाठी मंजूर झाली. विस्तार झाला, परंतु नमुन्यातील प्राण सर्वत्र उतरला नाही. अनेक जिल्ह्यांत मानसोपचारतज्ञाचे पद रिकामे राहिले, औषधांचा पुरवठा खंडित होई आणि काम जिल्ह्याच्या ठिकाणच्या चिकित्सालयापुरते उरले. ऑगस्ट २००१ मध्ये तमिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याच्या आश्रयाने वाढलेल्या खाजगी निवासांपैकी एकाला आग लागून साखळदंडांनी बांधलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण जळून मेले. गावाजवळ उपचार नसले, म्हणजे कुटुंबे कोणता मार्ग पतकरतात, हे त्यावरून दिसून आले. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) निरनिराळ्या मनोविकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांवाचून असल्याचे आढळले.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार शासकीय खर्चाने चालणारी मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरला व रुग्णास साखळीने बांधण्यास मनाई झाली. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा (क्रमांक १४४१६) मराठीसह अनेक भाषांतून सल्ला देते. छिन्नमनस्कतेच्या रुग्णास मात्र औषध व पाठपुरावा यांसाठी जवळच्या आरोग्य केंद्रावरच अवलंबून राहावे लागते.