प्रकाशाचा हिशेब

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं नागपुरांत काळ्या व पिवळ्या मारबतींची मिरवणूक निघते. काळीची परंपरा १८८१ सालापासूनची व पिवळीची १८८५ पासूनची सांगतात. अखेरीस मारबतींचें दहन होतें. म्हणजे त्या दिवशीं हुकलेलें छायाचित्र पुन्हां वर्षभर साधावयाचें नाहीं. अशा वेळीं हातीं महाग कॅमेरा असूनहि चित्र पुसट येतें व दोष यंत्राच्या माथीं बसतो. वस्तुतः उणीव असते ती चार शब्दांच्या ओळखीची.

पहिला शब्द पिक्सेल. जुन्या कॅमेऱ्यांतील फिल्मची जागा अंकीय कॅमेऱ्यांत संवेदकानें घेतली आहे. हा प्रकाश मोजणाऱ्या असंख्य सूक्ष्म पेशींचा पट होय. पेशींचीं मापें आंकड्यांत नोंदलीं जातात व त्यांवरून चित्राचे ठिपके बनतात, तेच पिक्सेल. दहा लक्ष पिक्सेलांचा एक मेगापिक्सेल. स्टीव्हन सॅसन यांनीं १९७५ सालीं कोडॅक कंपनींत बनविलेल्या कॅमेऱ्याचें चित्र अवघ्या दहा हजार पिक्सेलांचें होतें. परंतु आंकडा जितका मोठा तितकें चित्र चांगलें, हा समज खरा नव्हे. सहा इंच लांब व चार इंच रुंद चित्र इंचास ३०० ठिपके या उत्तम प्रमाणानें छापावयास १८०० गुणिले १२००, म्हणजे २१ लक्ष ६० हजार पिक्सेल पुरतात.

उरलेले तीन शब्द प्रकाशाचा हिशेब सांगतात. नळाखालीं घागर भरावयाची आहे अशी कल्पना करावी. तोटी किती उघडली, तें ॲपर्चर. किती वेळ उघडी ठेविली, तें शटर. ॲपर्चरचा आंकडा लहान तितकें छिद्र मोठें. एफ-२ मधून एफ-४ च्या चौपट प्रकाश येतो. घागर अपुरी भरली, तर संवेदकाचा संकेत वाढवून घेण्याचें प्रमाण म्हणजे आयएसओ. मात्र संकेताबरोबर त्यांतील दोषहि वाढतात व चित्र कणीदार दिसतें.

हा हिशेब कॅमेरा आपण होऊन करतो, पण तो भोळा आहे. समोरचें दृश्य सरासरीनें करड्या छटेचें असावें, असें तो धरून चालतो. म्हणून दीक्षाभूमीचा शुभ्र स्तूप पुष्कळदां मळकट येतो. तेथें एक्स्पोजरची दुरुस्ती ‘अधिक एक’ केली, कीं प्रकाश दुप्पट होऊन शुभ्रता परत येते.

आतां मिरवणुकीकडे वळावें. आकाश ढगाळ, गल्ली अरुंद आणि माणसें नाचत असलेलीं. सेकंदाचा १२५ वा भाग शटर उघडें राहिलें, तर चेहरे हलतात. ५०० वा भाग ठेवावा, तर प्रकाश चतुर्थांशच येतो. ही तूट भरण्यास एफ-४ चें एफ-२ करावें, अथवा तेवढें मोठें छिद्र नसेल तर आयएसओ १०० वरून ४०० वर न्यावा. चित्र थोडें कणीदार होईल, हें खरें. परंतु कणीदार चेहरा ओळखूं येतो; हललेला चेहरा मागाहून कोणत्याहि युक्तीनें पूर्ववत् होत नाहीं.