‘लुक आउट’ म्हणजे बाहेर बघा नव्हे

पिरंगुटपासून उरवड्यापर्यंत कारखाने उभे राहिले आणि ज्यांच्या आईबापांनी भाताची लावणी केली, त्या आमच्या आयाबहिणी पॅकिंगच्या टेबलाशी उभ्या राहू लागल्या. तिथले बोलणे मराठी-हिंदीतच चालते. पण डब्यावरचे शब्द, भिंतीवरच्या पाट्या आणि घाईत ओरडून दिलेली सूचना पुष्कळदा इंग्रजीत. म्हणून आम्ही रविवारी दुपारी चार बायका व दहावीची दोन-तीन मुले जमवून बोलायचे इंग्रजी सुरू केले. आमचे शिक्षण बी. कॉम., नोकरी कारकुनाची. मास्तरकीची आमची ऐपत नाही, हे आधीच कबूल. सावित्रीमाईंनी १८५४ साली ‘काव्यफुले’मधून इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, तो काही साहेबी थाटासाठी नव्हता, एवढेच आम्ही जाणतो.

पहिल्याच दिवशी ‘लुक आउट’चा अर्थ विचारला. एक ताई म्हणाली, “बाहेर बघा.” लुक म्हणजे बघणे, आउट म्हणजे बाहेर, तिचे काय चुकले? आमच्या वडिलांच्या पिढीने तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकली ती शब्दाला शब्द लावूनच. पण ‘लुक आउट!’ अशी आरोळी येते तेव्हा ‘सांभाळा, धोका आहे’ असे सांगायचे असते. डोक्यावरून ओझे जात असताना कोणी दाराबाहेर बघत राहिले तर? तसेच ‘पुट आउट द फायर’ म्हणजे आग बाहेर ठेवा नव्हे, आग विझवा.

सर्वांत फसवा शब्द ‘इन्फ्लेमेबल’. ‘इन’ लागला की अर्थ उलटतो, जसे करेक्टचे इनकरेक्ट, असे आपण शाळेत शिकलो. इथे तसे नाही. ‘फ्लेमेबल’ आणि ‘इन्फ्लेमेबल’ दोन्हींचा अर्थ एकच : चटकन पेट घेणारे. न पेटणारे ते ‘नॉन-फ्लेमेबल’.

हा शब्द फळ्यावर लिहिला तेव्हा कोणी बोलेना. ७ जून २०२१ रोजी उरवड्यातच रसायनांच्या कारखान्याला आग लागून १७ कामगार गेले, त्यांत बहुतेक बायका. इंग्रजी न आल्याने ते घडले असे आम्ही मुळीच म्हणत नाही. कामगारांना सुरक्षित ठेवणे ही मालकाची जबाबदारी. सूचना इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत लावाव्यात, ही अट १९४८च्या कारखाना कायद्यातच घातलेली होती. तरीही डब्यावरचा शब्द आपल्याला वाचता यावा, असे सर्वांनाच वाटले.

न समजताच मान डोलवून ‘यस सर’ म्हणायची आपली जुनी खोड आहे. म्हणून सगळ्यांकडून एक वाक्य वीस-वीस वेळा म्हणवून घेतले : ‘प्लीज से इट अगेन, स्लोली.’ पुन्हा सांगा, सावकाश. नुसते ‘पार्डन?’ म्हटले तरी चालते. इंग्रजीत तू, तुम्ही, आपण असा भेद नाही. साहेबाला ‘यू’ आणि झाडूवालीलाही ‘यू’च. हे ऐकून बायका खूश झाल्या! मात्र मान दाखवायचा तो ‘प्लीज’ने आणि आवाजाने, हेही सांगावे लागले.

परवा एका ताईने धीर करून सुपरवायझरला हेच वाक्य ऐकवले. त्यांनी तीच सूचना चक्क मराठीत सांगितली. आधीच मराठीत का नाही सांगितली, हे विचारायचे इंग्रजी येत्या रविवारी घेणार आहोत.